हात हुंगले त्या दिवशी

चिन्मय आणि तन्वी,

मागच्या रविवारी फोनवर तन्वीनं मला विचारलं, "आजी, तुमच्याकडे शाळेत पोलीस असतात का?" तिच्या शाळेत एक पोलीस अधिकारी रोज येतो. मधल्या सुट्टीत मुलांबरोबर बास्केटबॉल खेळतो. सगळ्यांची नावं त्याला पाठ आहेत. ती कौतुकानं सांगत होती. मी म्हटलं, "असतात की, इकडेही येतात," आणि लगेच जेवलीस का म्हणून विचारलं.

फोन ठेवला आणि बेचैन झाले. प्रश्न सरळ होता. उत्तर मी गिळलं. म्हणून आता नीट बसून लिहिते.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. तुमच्याशी बोलताना निम्मं इंग्रजीच बोलते. पण हे मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहायला बसले की मी आपोआप सभ्य होते. प्रत्येक वाक्याला इस्त्री करते. हे इस्त्रीचं लिखाण नव्हे. आईकडून वाचून घ्या. ती निपाणीतच वाढली आहे, तिला सगळे शब्द कळतील.

तर निपाणीतल्या आमच्या मराठी शाळेचं मैदान. सकाळची प्रार्थना संपलेली. नववीच्या मुली एका ओळीत उभ्या. आणि एक महिला पोलीस एकेका मुलीचा उजवा हात धरून स्वतःच्या नाकाशी नेते आहे.

हुंगते आहे.

हुंगून झालं की मान हलवते. मानेवरून ठरतं. मुलगी जागेवर राहते, नाहीतर डावीकडे जाऊन उभी राहते. डावीकडची ओळ वाढत चालली आहे. बाकीची शाळा बघते आहे. कोणीतरी खुसखुसतं आहे.

मी मंचावर होते. खुर्चीवर. निवृत्त झाल्यापासून दर बुधवारी मी त्या शाळेत फुकट इंग्रजी शिकवत असे, म्हणून मला मंचावर खुर्ची. गळ्यात शाल, हातात गुलाबाचं एक फूल. माझ्या शेजारी बिडी कारखान्याचे मालक, शेठजी. त्यांच्या शेजारी फौजदार साहेब, दक्षिणेकडून नुकतेच बदली होऊन आलेले. आमच्या डोक्यावर फलक. 'तंबाखूमुक्त शाळा, सुरक्षित शाळा.' फलकाच्या कोपऱ्यात शेठजींचा हसरा फोटो, कारण फलकाचा खर्च त्यांचा.

पोलीस महिन्यातून एकदा शाळेत यायचे. विद्यार्थ्यांचं एक पथक केलं होतं. खाकी टोप्या दिल्या होत्या. त्याही शेठजींनीच. कवायत, रहदारीचे नियम, मोबाइल कसा वापरावा, शेवटी बिस्किटाचा पुडा. मुलं खूष. हेडमास्तर तर फारच खूष, कारण दर वेळी पेपरात फोटो.

मी खूष नव्हते. का, ते सांगते. एकदा मी माझा वर्ग संपवून व्हरांड्यातून जात होते. आत फौजदार साहेब मुलांना गोष्टीवजा प्रश्न विचारत होते. तुमच्या घरी रात्री कोण कोण येतं? कोणाचे वडील कोल्हापूरला सीमाप्रश्नाच्या सभेला गेले होते, हात वर करा. कोणाच्या गल्लीत भांडणं होतात? मुलं चढाओढीनं हात वर करत होती. उत्तर दिलं की बिस्किट. मागं उभा असलेला हवालदार खिशातून फोन काढून त्यात काहीतरी टिपत होता.

मी हेडमास्तरांना विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "बाई, तुम्हाला सगळ्यातच संशय. मुलांची भीती चेपावी म्हणून गप्पा मारतात हो ते."

असेल. पण भीती चेपायला पत्ता कशाला लागतो?

त्या दिवशी आधी मुलगे तपासले. खिसे उलटे केले, तोंडं उघडायला लावली. मुलगे हुशार. पोलिसांची जीप फाटकातून आत येताना दिसली तसे नळावर गेले, चुळा भरल्या, बडीशेप चघळली. ज्याच्या खिशात रोज गुटख्याची पुडी असते तोसुद्धा पास. मग फौजदार साहेब माइकवर म्हणाले, "मुलगा खातो ते दिसतं. मुलगी लपून करते. मशेरी लावती. बोटानं लावती ना? तो बोट का वास कहाँ जाएगा?" त्यांचं मराठी असंच होतं, दोन्हीकडची चिंधी जोडलेली. "घाबरायचं नाही. पुलीस तुमचा दोस्त आहे. जो खाता नहीं, उसको डर कैसा?"

ओळीत पहिली होती सुवर्णा. पथकाची नायक तीच. तिची 'सावधान' बसस्टँडवर ऐकू जायची. तिला पोलीस व्हायचं होतं. हे ती कोणालाही, न विचारता, सांगायची. माझ्या वर्गात तिनं इंग्रजीत लिहिलेलं पहिलं संपूर्ण वाक्य हेच होतं.

महिला पोलिसानं तिचा हात हुंगला. मान हलवली.

फौजदार साहेब मंचावरून उतरले. स्वतः गेले. सुवर्णाच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि हवालदाराच्या हातात दिली. माइक हातातच होता. "लीडर ही ऐसी, तो बाकी का क्या?"

सुवर्णा म्हणाली, "साहेब, मी खात न्हाय. आमच्या घरात बिड्या वळत्यात. मी सकाळी तोंडं दुमडून आलिया."

"सब यही बोलते हैं. उधर."

ती डावीकडे गेली.

तुम्हाला हे समजलं पाहिजे. निपाणीत निम्म्या गल्ल्यांतून बायका उंबऱ्यात बसून बिड्या वळतात. मांडीवर सूप. सुपात भिजवलेली पानं, तंबाखू, कात्री, दोरा. आई वळते, मुलगी शाळेला निघायच्या आधी तिच्या शेजारी बसून बिड्यांची तोंडं दुमडते. तो वास बोटात मुरतो. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही. मुलीच जास्त वळतात, म्हणून मुलींच्याच हाताला जास्त. म्हणजे त्या मैदानावर त्यांनी तंबाखू खाणारी मुलं सोडली आणि काम करणाऱ्या मुली पकडल्या.

हे कोणाला ठाऊक नव्हतं? हेडमास्तरांना ठाऊक होतं. गुरुजींना, शिपायाला ठाऊक होतं. हुंगणारी ती महिला पोलीस इकडचीच, तिला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या फौजदारांना. आणि आता तर मला तेही खरं वाटत नाही.

सगळ्यात जास्त ठाऊक होतं माझ्या शेजारच्या खुर्चीला. ती पानं त्यांची. ती तंबाखू त्यांची. त्यांच्या कारखान्यातून गल्लीत जाते, बिडी होऊन परत येते. मी वळून म्हटलं, "शेठजी, तुम्ही तरी सांगा साहेबांना."

शेठजी फोनकडे बघत म्हणाले, "बाई, पोलिसांच्या कामात आपण कशाला पडायचं? पोरींच्या भल्याचंच आहे."

मी उभी राहिले. इंग्रजीत बोलले. स्वच्छ, मोठ्यानं, वर्गात बोलते तसं. म्हटलं, या मुली घरी विडीकाम करतात, हा कामाचा वास आहे, व्यसनाचा नाही, ही तपासणी थांबवा आणि मुलींची माफी मागा. मला वाटलं, इंग्रजी ऐकलं की थांबतील. जन्मभर माझा तोच अनुभव. बँकेत, तहसीलदार कचेरीत, आगगाडीत. इंग्रजी काढलं की समोरचा सरळ बसतो.

फौजदार हसले. "अज्जी, कुंद्री." म्हणजे, आजीबाई, बसा.

मी बसले नाही. तेव्हा ते माइकवर म्हणाले, "अज्जी को भी डाउट आ रहा है क्या? आइए, आप भी लाइन में आइए. आपका भी सूँघ लेते हैं."

अख्खं मैदान हसलं. गुरुजी हसले. ज्यांना मी वर्गात ओरडले होते ती मुलं हसली. शेठजी हसले, पोट हललं त्यांचं.

मी उतरले. मंचाला दोन पायऱ्या होत्या, आधाराला काही नव्हतं. सावकाश उतरले आणि ओळीत जाऊन उभी राहिले. नववीच्या मुलींमध्ये. मला वाटत होतं, मी फार मोठं काहीतरी करते आहे. हात पुढे केला.

महिला पोलिसानं हुंगला. माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाली, "सर, इवर कैयाग वासनी इल्लरी." यांच्या हाताला वास नाही.

"देखा?" फौजदार म्हणाले. "ये है साफ हाथ! टाळ्या वाजवा अज्जीसाठी!"

शाळेनं टाळ्या वाजवल्या. डावीकडच्या मुलींनीसुद्धा वाजवल्या, साहेबांनी सांगितलं म्हणून. सुवर्णानं वाजवल्या नाहीत. ती माझ्या हाताकडे बघत होती.

मुलांनो, माझा अपमान तिथे झाला. हसले तेव्हा नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा.

तुमच्या पणजीचा, माझ्या आईचा, फोटो तुम्ही पाहिला आहे. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. ती वखारीत तंबाखू चाळायची. तंबाखूच्या धुळीनं तिच्या पापण्या पिवळट झाल्या होत्या. मी शिष्यवृत्तीवर बेळगावला कॉलेजात गेले तेव्हा वसतिगृहातल्या एका वकिलाच्या मुलीनं पहिल्याच दिवशी आपली कॉट खिडकीकडे ओढून घेतली. म्हणाली, "तुझ्या वळकटीला कसला तरी वास येतो गं." त्या संध्याकाळी मी चंदनाचा साबण विकत घेतला. तोच साबण मी आजही वापरते. तुमची आई म्हणते ना, आजीच्या अंगाला देवघराचा वास येतो? तो या साबणाचा.

त्या साबणाला मैदानात टाळ्या पडल्या. आईच्या हाताचा वास मुलीच्या हाताला राहिला नाही म्हणून मुलगी पास. आणि सुवर्णाच्या आईच्या हाताचा वास सुवर्णाच्या हाताला आहे म्हणून ती नापास. मी मंचावर परत गेले नाही. शाल खुर्चीवरच राहिली. फाटकातून सरळ घरी आले.

डावीकडच्या मुलींची नावं ठाण्याच्या वहीत लिहून घेतली. व्यसनी म्हणून. शनिवारी पालकांना घेऊन समुपदेशनाला यायचं, असा हुकूम.

दुपारी मी सुवर्णाच्या घरी गेले. तिची आई शांता उंबऱ्यात सूप घेऊन बसली होती. सुवर्णा आत पाठमोरी. मला बघून शांतानं सूप बाजूला सारलं नाही. एरवी सारायची.

"या बाई. तुमच्यासाठी टाळ्या वाजल्या म्हनं."

मी जोत्यावर बसले.

"शाळा बास आता," ती म्हणाली. हात चालूच. "घरात बसून वळील. पोलीस ठाण्यात नाव गेल्याली पोरगी. उद्या सोयरीक आली तर काय सांगू? व्यसन लागलंतं म्हनून सांगू? आनि हिला तर पोलीस व्हायचंय. आता कोन घेतंय हिला पोलिसात?"

आतून सुवर्णा म्हणाली, "मला न्हाय व्हायचं पोलीस."

"बघा. परवापत्तोर डोकं खात हुती."

मी म्हटलं, "शांता, सूप दे इकडं."

तिनं आधी ऐकलं नसल्यासारखं केलं. मग दिलं. मी पान घेतलं, कात्रीनं कापलं, तंबाखू पसरली. लहानपणी आईची वखारीतली पाळी संपली की आम्ही घरीही वळायचो. बोटांना आठवेल असं वाटलं होतं. बोटांना काही आठवलं नाही. पहिली बिडी झाली, ती मध्येच फुगलेली.

शांतानं ती उचलून उजेडात धरली. "बाई, ही कोन वडनार? चुलीत घालायला बरी."

सुवर्णा हसली. पाठमोरीच. पण हसली. मी आणखी वळत राहिले. मग ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली आणि मी वळलेल्या बिड्यांची तोंडं दुमडायला लागली. निम्म्या उसवून परत वळल्या तिनं.

मी शांताला माझ्या आईचं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय? तरीच तुमी हितं आलाय." एवढंच. मग म्हणाली, "शनवारी मी येते. पन तिचं नाव काढलं तर शाळा. न्हाय काढलं तर न्हाय. मागनं मला बोलायचं न्हाय."

मी कबूल झाले.

शनिवारी आम्ही ठाण्यात गेलो. मुली, त्यांच्या आया, मी. बापांपैकी कोणी नाही. भिंतीला लागून सतरंजी टाकली होती. मुली आणि आया सतरंजीवर. माझ्यासाठी खुर्ची. "अज्जी, कुंद्री," पुन्हा तेच, पण या वेळी गोड आवाजात. चहा आला. फक्त मला आणि साहेबांना.

फौजदार त्या दिवशी फार प्रेमळ होते. माइकवरचा माणूस हाच का, असं वाटावं इतके. म्हणाले, मुलींनो, मला तुमचं वाईट करायचं नाही. लहान वय. चूक होते. तुमची नावं मी काढून टाकतो. आत्ता काढतो. फक्त मला थोडी मदत पाहिजे.

मी कप खाली ठेवला.

"एकेक नाव द्या. बस. शाळेजवळ कोण विकतं, कोणाच्या घरी माल येतो, गल्लीत रात्री कोण येतं-जातं. तुझं नाव कट, उसका नाम आगे. पेपरात येणार नाही. तुमच्यात आणि माझ्यात."

मागून एक मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "साहेब, निपाणीत तंबाखू कोन इकत न्हाय त्येचं नाव इचारा. लवकर हुईल."

आया पदरात तोंड घालून हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन उघडलं. "मजाक नहीं. नावं द्या, नाहीतर ही नावं पुढे जातील. मग नोकरी नाही, पासपोर्ट नाही. समझे?"

मला सगळं एका ओळीत दिसलं. टोप्या, कवायत, बिस्किटं, हवालदाराचा फोन, हुंगणं. ज्यांच्या घरात काही लपवायला नाही त्या मुलींना आधी गुन्हेगार करायचं आणि मग सुटका म्हणून खबऱ्या करायचं. फौजदारांना वास कशाचा आहे ते माहीत होतं की नव्हतं, हा प्रश्नच तिथे संपला. वास कशाचाही असता तरी त्यांचं काम भागलं असतं.

सतरंजीवर कुजबुज. शांता सुवर्णाला कोपरानं ढोसत होती. "सांग की गं. कायतरी सांग. त्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याचं सांग. त्येचं काय जातंय?"

तो पानपट्टीवाला पायानं अधू. त्याचं काय जाईल ते शांतालाही माहीत होतं. पण मुलगी तिची होती. मी तिला आजही दोष देत नाही.

सुवर्णा उठून उभी राहिली. कवायतीला उभी राहते तशी.

"साहेब, नाव सांगते. आमच्या घरात तंबाखू शेठजींच्या कारखान्यातनं येती. पान बी तिथनंच येतंय. म्हैन्याचे म्हैने येतंय. ते परवा तुमच्या शेजारी खुर्चीवर बसल्याले. त्येंचं नाव लिवा."

पेन थांबलं.

शांतानं परकर धरून तिला खाली ओढलं. "गप्प बस गं भवाने!" पण मुलगी बसली नाही. बाकीच्या मुली बघत होत्या. एक म्हणाली, "आमच्याकडं बी तिथनंच." मग दुसरी. मग सगळ्याच, एकदम, वर्गात पाढे म्हणतात तशा.

मी खुर्चीवरून उठले. सतरंजीवर जाऊन शांताच्या शेजारी बसले. माझे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे, बसायला वेळ लागला. बसले आणि म्हटलं, मराठीत म्हटलं, "लिहा साहेब. मुलींनी नाव दिलं आहे. साक्षीदार म्हणून माझं लिहा."

"अज्जी, आप बाहर बैठिए."

"नाही. इथंच बसते."

"ये बच्चों का मामला है."

"म्हणूनच."

महिला पोलीस दारात उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं. मला उचलायला सांगणार, असं वाटलं. ती दाराबाहेर बघायला लागली, जणू कोणी हाक मारली. फौजदारांनी पेन बंद केलं.

"ठीक आहे. जावा सगळे. नावं कट केली."

शांता उठायला लागली. मी हात धरून तिला खाली बसवलं. "दाखवा," मी म्हटलं.

"पुलीस पर भरोसा नहीं?"

आयुष्यभर अशा प्रश्नाला मी काय उत्तर देत आले ते मला ठाऊक आहे. तसं नाही हो साहेब. गैरसमज नको. आपण समजूतदार आहात.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पुढ्यातल्या जाड वहीत, आम्हाला दिसणार नाही अशी धरून, रेघा ओढल्या आणि वही मिटली. त्या रेघा कशावर ओढल्या ते मला अजून माहीत नाही. मी नंतर वरच्या साहेबांना इंग्रजीत दोनदा विचारणा केली. उत्तर नाही.

पुढे काय झालं ते गोड करून सांगणार नाही. सोमवारी शांता कारखान्यात गेली तेव्हा तिला पान-तंबाखू मिळाली नाही. मुकादम म्हणाला, "तुझी पोरगी लई हुशार हाय, तिलाच कमवाय लाव." त्या गल्लीतल्या आणखी काहीजणींचं काम बंद झालं. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं, बसायला सांगितलं, माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आता थोडी विश्रांती घ्या." म्हणजे बुधवारचा वर्ग बंद. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं, आता वकील आहे, मला समजावलं, "मॅडम, पोलीस मुलांसाठी चांगलं काम करतात हो. एका माणसावरून सगळ्यांना कशाला?"

एका माणसावरून नाही. मी त्या मैदानावर एकाला नव्हे, सगळ्यांनाच गप्प बघितलं. माणूस बदलून जाईल. बदलीची नोकरी आहे. त्याच्या जागी कदाचित भला माणूस येईल. तोही मुलांना बिस्किटं देईल. आणि तोही एक दिवस हसत हसत विचारेल, तुमच्या घरी कोण येतं?

शांताला कामावरून काढलं तेव्हा मला वाटलं, ती माझ्या तोंडावर दार लावेल. ती मला भेटायला आली. चपला बाहेर काढून, ओटीवर न बसता आत स्वयंपाकघरात येऊन बसली. शिव्या दिल्या. मला, शेठजींना, मुकादमाला, सुवर्णाला. मग म्हणाली, "आता शाळा सोडीवली तर त्यास्नी लई बरं हुईल न्हवं?"

"हो."

"मग न्हाय सोडवत." उठताना म्हणाली, "पन पोरीस्नी एकटं सोडायचं न्हाय त्येंच्यासंगं."

ही कल्पना तिची. माझी नव्हे.

पुढच्या वेळी पोलिसांची जीप शाळेत आली तेव्हा मैदानाच्या कडेला, कडुलिंबाच्या सावलीत, शांता आणि तिची शेजारीण बसल्या होत्या. मांडीवर सूप. बिड्या वळत होत्या. दुसऱ्या एका कारखान्याचं काम मिळालं होतं, कमी भावाचं. मीही जाऊन त्यांच्याजवळ बसले. हेडमास्तर धावत आले. "अहो, तुम्ही इथं कशाला? हे काय चाललंय?"

शांता म्हणाली, "पालक हाय आमी. पालकसभा म्हना."

हेडमास्तरांना काय करावं कळेना. पालकांना हाकलता येत नाही. हवालदार लांबून बघत राहिला. त्या दिवशी रहदारीचे नियम सांगून झाले आणि पोलीस गेले. कोणी कोणाला घरातलं काही विचारलं नाही.

तन्वी, तुझ्या बास्केटबॉल खेळणाऱ्या साहेबाशी माझं वैर नाही. चांगला असेल. खेळ त्याच्याशी. पण तो तुला घरच्यांबद्दल, मैत्रिणींबद्दल, त्यांच्या आईबापांबद्दल काय विचारतो ते आईला सांगत जा. मलाही सांग. आणि कधी मुलांना ओळीत उभं करून दोन गट पाडले, आणि तुला चांगल्या गटात घातलं, तर टाळ्या वाजवू नकोस. कोणी आपल्यासाठी वाजवल्या तर उभी राहू नकोस तिथं.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. मला आता शाळेत वर्ग नाही, मंचावर खुर्ची नाही, हेडमास्तर रस्त्यात दिसले तर पलीकडून जातात. तरी जीप आली की मी जाते. पाय चालतात तोवर जाईन. कोणत्याही पोलिसाला कोणत्याही मुलीशी मोठं माणूस जवळ नसताना बोलू देणार नाही. तो कितीही हसरा असो.

सुवर्णा दहावीत आहे. पोलीस व्हायचं नाव काढत नाही. काय व्हायचं ते सांगत नाही, मीही विचारत नाही. वहीतलं तिचं नाव गेलं की राहिलं, माहीत नाही.

आयांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या आहेत. पोलीस येतात त्या दिवशी दोघी-तिघी येऊन लिंबाखाली बसतात, वळत राहतात, बोलत नाहीत, सगळं ऐकतात. ते अजून चालू आहे.